जमिनीपासून जमिनीपर्यंत: झाडावरून होणाऱ्या शिकारीचे तंत्र

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागांतील पानगळीच्या जंगलांत शरद ऋतू सुरू झाला की पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी लाखो माणसे झाडांवर चढून बसतात. या शिकारीच्या साहित्यात धनुष्य, बंदूक, सावजाचे माग आणि वाऱ्याची दिशा यांची चर्चा विपुल आढळते. परंतु झाडावर चढणे आणि तेथून सुखरूप उतरणे हा मात्र दीर्घकाळ ज्याने त्याने आपापल्या परीने निभावून न्यायचा भाग मानला गेला. परिणाम असा झाला की शिकारीतील अपघातांत झाडावरून पडणे हे एक प्रमुख कारण होऊन बसले आणि अनेक राज्यांत त्याने बंदुकीच्या अपघातांनाही मागे टाकले. गेल्या सुमारे साठ वर्षांत या कामाची साधने ज्या क्रमाने बदलत गेली तो क्रम पाहिला, तर त्यामागे एकच दिशा दिसते. शिकाऱ्याला झाडाशी बांधणारा दोर आधी मुळी नव्हताच. पुढे तो बसण्याच्या जागी आला, तेथून खाली सरकत जमिनीपर्यंत पोचला आणि अखेरीस तोच शिकाऱ्याचे आसन बनला. सुरक्षिततेसाठी स्वीकारलेल्या या बदलाने शिकार अवघड झाली नाही, उलट ती अधिक शांतपणे आणि कमी श्रमात होऊ लागली, हा या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागेल.

उंचीची गरज

झाडावर चढण्याचे कारण हरणाच्या इंद्रियांत आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो, आणि त्याच्या नेत्रपटलाची घडण क्षितिजाच्या पातळीवरची हालचाल टिपण्यास विशेष अनुकूल असते. रंगांच्या बाबतीत त्याची दृष्टी द्विवर्णी, म्हणजे दोन प्रकारच्या रंगसंवेदी पेशींवर चालणारी असते; नारिंगी आणि हिरवा यांतील फरक त्याला जवळपास कळत नाही, निळा रंग मात्र चांगला दिसतो. बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांनी भडक नारिंगी जाकीट घालावे, असा नियम बहुतेक राज्यांत असूनही हरीण बुजत नाही, याचे कारण हेच आहे. तथापि हरणाचा खरा भरवसा नाकावर असतो. वाऱ्यावरून माणसाचा वास लागला की डोळ्यांनी खातरजमा करण्यासाठीही ते थांबत नाही. पाच-सहा मीटर उंचीवर बसलेला माणूस हरणाच्या नेहमीच्या दृष्टिरेषेच्या वर राहतो आणि त्याचा वास काही काळ तरी जमिनीलगतच्या हवेत मिसळत नाही, एवढा दुहेरी लाभ उंचीमुळे मिळतो.

हा लाभ निरपवाद नसतो. डोंगरउतारावर सकाळी ऊन पडू लागले की तापलेली हवा वर चढते आणि संध्याकाळी गार झालेली हवा उतारावरून खाली वाहू लागते. अशा प्रवाहांना तेथील शिकारी ‘थर्मल’ म्हणतात. सकाळच्या बैठकीला वरच्या अंगाची जी जागा उत्तम, तीच संध्याकाळी शिकाऱ्याचा वास थेट खालच्या पायवाटेवर नेऊन सोडते. उंची वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे, कारण शिकारी जितका वर तितका बाणाचा कोन उभा, आणि उभ्या कोनातून सोडलेला बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जाण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे जनावर जखमी होऊन दूर निघून जाते आणि हाती लागत नाही. अनुभवी शिकारी ज्या उंचीवर स्थिरावतात, ती म्हणूनच बहुधा साडेचार ते सहा मीटरच्या दरम्यान असते.

झाडावरच्या शिकारीचा प्रसार धनुष्याच्या पुनरागमनाशी जोडलेला आहे. मिझुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये ‘कंपाउंड’ धनुष्याचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो आणि शिकाऱ्याला नेम धरून थांबता येते. तरीही शिकार करताना बाणाचा भरवशाचा टप्पा साधारण २० ते ३५ मीटरच राहतो, आणि एवढ्या अंतरात सावधपणे वावरणारे हरीण येईपर्यंत दबा धरून बसायचे तर झाडासारखी जागा नाही.

या शिकारीला कायद्याची पक्की चौकट आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. बाजारासाठी होणाऱ्या बेबंद शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीव व्यवस्थापनाकडे वळवला, आणि आज ही संख्या सुमारे तीन कोटींच्या घरात आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाल्यामुळे हंगाम, परवाने आणि संख्यामर्यादा ठरवून होणारी शिकार हा तेथील वन्यजीव व्यवस्थापनाचा भाग समजला जातो.

मचाणांचे तीन प्रकार

झाडावरील बैठकीला मराठीत मचाण हा रुळलेला शब्द आहे, मात्र अमेरिकी मचाण फांद्या आणि बाजेपासून बांधलेले नसून पोलाद किंवा ॲल्युमिनियमचे, विकत मिळणारे आणि बहुधा एका माणसापुरते असते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात शिडी आणि आसन एकत्र असून ते झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळतात. ते सर्वांत स्थिर, पण जड आणि उभे करायला दोन-तीन माणसे लागणारे. दुसऱ्या प्रकारात छोटा चौथरा आणि आसन खोडाला टांगून पट्ट्याने किंवा साखळीने घट्ट करतात, आणि तेथवर पोचण्यासाठी खोडावर शिडीचे सुटे तुकडे एकावर एक बांधत जावे लागते.

तिसरा प्रकार चढत्या मचाणाचा. त्याचे दोन सुटे भाग असतात: वरचा बसण्याचा आणि खालचा पाय ठेवण्याचा. प्रत्येक भागाचा पट्टा किंवा लोखंडी दोर खोडाच्या मागून फिरवून घेतलेला असतो आणि पुढच्या बाजूला दातेरी कड खोडाला टेकलेली असते. बाहेरच्या टोकावर वजन पडले की तरफेच्या नियमाने पट्टा आणि कड खोडाला विरुद्ध बाजूंनी चावतात आणि तो भाग जागच्या जागी घट्ट बसतो. वजन काढून बाहेरचे टोक किंचित उचलले की पकड सुटते. शिकारी वरच्या भागावर बसून पायांनी खालचा भाग उचलतो, तो बसवून त्यावर उभा राहतो, मग वरचा भाग हातांनी वर सरकवतो, आणि असे करत वर जातो. नवशिक्याच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की खोड वर जाताना बारीक होत जाते, त्यामुळे पट्ट्याचा फेरा सैल पडतो आणि चौथऱ्याचे बाहेरचे टोक हळूहळू खाली झुकू लागते. म्हणून जाणकार शिकारी जमिनीवरच बाहेरचे टोक काही अंश वर ठेवून सुरुवात करतो, जेणेकरून इच्छित उंची गाठेपर्यंत चौथरा सपाट होईल. दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधणे हेही अनिवार्य असते. पायाखालचा भाग निसटून बुंध्याशी जाऊन पडला, तर वर अडकलेल्या माणसाला उतरायचा मार्गच उरत नाही.

पडण्याचे गणित आणि दोराचा प्रवास

सहा मीटर उंचीवरून सुटलेला माणूस सेकंदाहून किंचित अधिक वेळात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. या अवधीत सावरणे अशक्य असल्याने मणका, कंबर आणि डोके यांच्या दुखापती अशा अपघातांत वारंवार दिसतात. पण त्याहून बोधप्रद बाब अशी की वर शांत बसलेला शिकारी क्वचितच पडतो. बहुतेक पडझड चढताना, उतरताना आणि विशेषतः शिडीवरून चौथऱ्यावर पाऊल टाकण्याच्या किंवा चौथऱ्यावरून पुन्हा शिडीवर येण्याच्या क्षणी होते.

आरंभीची साधने या वस्तुस्थितीशी विसंगत होती. पूर्वी शिकारी वर पोचल्यावर कमरेला किंवा छातीला एक पट्टा बांधून तो खोडाला अडकवत, म्हणजे जेथे धोका कमी तेथे बंधन आणि जेथे धोका अधिक तेथे माणूस मोकळा, असा उलटा प्रकार होता. शिवाय पडताना कमरेचा पट्टा वर सरकून बरगड्यांवर आणि पोटावर आवळला जाई आणि लटकलेल्या माणसाला श्वास घेणे कठीण होई. त्यामुळे एकेरी पट्टा हद्दपार होऊन खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या यांवर भार विभागणारा पूर्ण शरीराचा हार्नेस रूढ झाला.

दुसरा आणि अधिक मूलगामी बदल जीवनदोराचा. हा दोर मचाणाच्या वर, डोक्याच्या पातळीवर खोडाला बांधून त्याचे दुसरे टोक बुंध्याशी पक्के करतात, आणि त्यावर एक सरकती गाठ कायम ठेवलेली असते. ही प्रुसिक गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३१ मध्ये प्रसिद्ध केली आणि सह्याद्रीतील प्रस्तरारोहकांनाही ती चांगली परिचयाची आहे. मुख्य दोरापेक्षा बारीक दोरीचे कडे घेऊन ते त्या दोराभोवती तीनदा गुंडाळले की ही गाठ तयार होते. तिच्यावर भार नसताना ती चिमटीत धरून सहज वर-खाली सरकते, आणि भार पडताच तिचे वेढे दोरावर आवळून जागीच थांबतात. वेढे एकमेकांवर चढलेले किंवा दोर बर्फाळ असला तर पकड कमी होते, म्हणून प्रत्येक वेळी गाठ नीट बसवून, तिला झटका देऊन पाहावे लागते. शिकारी जमिनीवर असतानाच हार्नेस या गाठीला कॅराबिनरने, म्हणजे झडप असलेल्या धातूच्या कडीने जोडतो आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत ती कडी उघडत नाही. जेथे असा दोर आधी बांधलेला नसतो तेथे पहिल्या चढाईत विजेच्या खांबावर काम करणारा वायरमन वापरतो तसा खोडाभोवतीचा पट्टा उपयोगी पडतो.

हार्नेसने पडणे थांबते, पण तेवढ्याने सुटका होत नाही. निश्चल लटकत राहिलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्ट्यांचा दाब येऊन पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यास अडथळा होतो. या अवस्थेला निलंबनाघात म्हणतात, आणि तीत काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. यासाठी हार्नेसला दोरीची एक रिकीब जोडलेली असते. तीत पाय घालून उभे राहिल्याने मांड्यांवरचा ताण हलका होतो आणि खोडाकडे वळून परत चौथरा गाठता येतो. आपण कोणत्या झाडावर आहोत आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून जाण्याचा नियम शिकारी-शिक्षणाच्या वर्गांत आग्रहाने शिकवला जातो तो याच कारणाने.

दोरच आसन होतो तेव्हा

या प्रवासाचा पुढचा टप्पा ‘सॅडल’ या साधनात दिसतो. वृक्षतोडीचे आणि छाटणीचे काम करणाऱ्या आरोहकांच्या साधनांशी त्याचे जवळचे नाते असून मिशिगनमधील शिकारी-लेखक जॉन एबरहार्ट यांनी त्याचा अनेक दशके पुरस्कार केला. सॅडल म्हणजे नितंब आणि मांड्यांना आधार देणारी जाड कापडाची झोळी. तिच्या पुढच्या दोरीला जोडलेला आखूड दोर, ज्याला ‘टेदर’ म्हणतात, डोक्याच्या उंचीवर खोडाला बांधलेला असतो. शिकारी एका छोट्या पायरीवर पाय टेकवून, खोडाकडे तोंड करून मागे रेलतो. त्याचा भार सतत दोरावरच असल्याने टेदर कायम ताणलेला राहतो, आणि पाय निसटला तरी तो फार तर खोडाकडे झुलतो. खोड शिकारी आणि सावज यांच्यामध्ये राहत असल्याने त्याची हालचालही झाकली जाते. मात्र टेदरमध्ये ढील ठेवून पायरीपेक्षा वर चढले, तर हे साधन हानिकारक ठरते, कारण त्याचा दोर फारसा ताणला न जाणारा असतो आणि थोड्या अंतराच्या पडण्याचाही हिसका थेट शरीरावर येतो.

श्रम, घाम आणि आवाज

चढाईची कार्यक्षमता कशात मोजावी, याविषयी सर्वसाधारण समजूत चुकीची असते. सामानासह ९० किलो वजनाचा माणूस सहा मीटर वर नेण्यास लागणारे कार्य सुमारे ५,३०० ज्यूल, म्हणजे सव्वा किलोकॅलरी असते. स्नायूंतून वाया जाणारी उष्णता हिशेबात धरली तरी एका शेंगदाण्यातून मिळावी एवढ्या ऊर्जेत ते भागते. प्रत्यक्षात खोडाला धरून राहणे, साधने बांधणे आणि तोल सांभाळणे यांतच अधिक शक्ती जाते. परंतु शिकाऱ्याला महाग पडतो तो घाम आणि आवाज. घामाने ओले झालेले कपडे थंडीत अंग गारठवतात, गारठलेली बोटे गाठ आणि कडी हाताळण्यास कुचकामी होतात, आणि धातूवर धातू आपटल्याचा एक आवाज तासाभराच्या प्रतीक्षेवर पाणी फिरवतो. म्हणून जाड कपडे पाठीला बांधून न्यायचे आणि वर स्थिरावल्यावर घालायचे, शिडीच्या तुकड्यांना कापडी वेष्टन करायचे आणि चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन अवयव नेहमी आधारावर ठेवायचे, हे नियम एकाच वेळी सुरक्षिततेचेही आहेत आणि शिकार साधण्याचेही. धनुष्य किंवा रिकामी केलेली बंदूक खांद्याला लटकवून चढण्याऐवजी ती खाली दोरीला बांधून ठेवावी आणि वर पोचून बांधून घेतल्यानंतर ओढून घ्यावी, हा नियमही त्याच प्रकारचा आहे.

साधनांविना चढणाऱ्या समाजांचा अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. विवेक वेंकटरामन, थॉमस क्राफ्ट आणि नथानिएल डॉमिनी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात युगांडातील ट्वा आणि फिलिपिन्समधील आग्ता या शिकारी-संग्राहक समाजांतील पुरुष मधासाठी बारीक खोडांवरून पायांनी चालत चढतात, असे नोंदवले आहे. त्या वेळी त्यांचा घोटा इतका वर वाकतो की औद्योगिक समाजातील माणसाला त्याने इजा व्हावी. आणि शेजारच्या शेतकरी समाजांशी तुलना करता त्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू अधिक लांब आढळले. हाडांच्या रचनेत मोठा फरक नसताना सरावाने शरीर एवढे घडू शकते. पण वर्षातून काही आठवडे जंगलात जाणाऱ्या नोकरदार शिकाऱ्याकडे तो सराव नसतो आणि त्याची उणीव दोराने भरून काढावी लागते.

झाडाची पारख

सर्व साधने अखेर झाडाच्या भरवशावर असतात. चढत्या मचाणासाठी सरळ आणि फांद्या नसलेले खोड लागते. शॅगबार्क हिकरीसारख्या, सालीचे पापुद्रे सुटणाऱ्या झाडावर त्याची पकड टिकत नाही. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेल्या ‘एमराल्ड ॲश बोरर’ या आशियाई मूळच्या हिरव्या भुंग्याने ॲश वृक्षांचा प्रचंड प्रमाणात संहार केला असून, मेलेले ॲश झाड उभे दिसत असले तरी लवकरच ठिसूळ होऊन अचानक मोडते. त्यामुळे पाने गळण्यापूर्वीच झाड जिवंत असल्याची खातरजमा करून ठेवणे हा सावध शिकाऱ्याच्या तयारीचा भाग झाला आहे. मचाण वर्षभर खोडावर ठेवले, तर खोडाच्या वाढीने पट्टे ताणले जातात, उन्हाने त्यांचे धागे विरतात आणि खारी ते कुरतडतात. म्हणून हंगाम संपल्यावर ते काढून ठेवणे हितावह. खोडात पिरगळून बसवायच्या लोखंडी पायऱ्यांवर अनेक राज्यांच्या सार्वजनिक जंगलांत बंदी आहे, कारण त्यांनी झाडाला जखम होते आणि लाकडात राहिलेले लोखंड पुढे करवतीला घातक ठरते.

उतरण्याची वेळ

दिवसभराच्या बैठकीनंतरची उतरण ही चढाईपेक्षा धोक्याची असते, कारण तेव्हा अंधार पडलेला, पाय आखडलेले आणि लक्ष विचलित झालेले असते. बाण लागला असेल तर शिकाऱ्याच्या अंगात थरथर सुटलेली असते. तेथील भाषेत तिला ‘बक फीवर’ म्हणतात. अशा वेळी निदान अर्धा तास जागेवरून हलू नये, असा संकेत आहे. जखमी हरणाचा लगेच पाठलाग केला तर ते दूरवर पळते, आणि न केला तर बहुधा जवळच बसून प्राण सोडते, हा त्यामागचा शिकारीचा हिशेब. परंतु त्या अवधीत शिकाऱ्याचा श्वास ताळ्यावर येतो, बोटांत ऊब येते आणि तो गाठ व कडी तपासूनच पहिले पाऊल खाली टाकतो.

मचाणाचे भारतीय संदर्भ

भारतात मचाणाची शिकार जुनी आहे. रान उठवून, म्हणजे हाका घालून जनावर मचाणाकडे रेटणे किंवा आमिषापाशी रात्र जागवणे, या दोन्ही पद्धती संस्थानिकांनी आणि इंग्रज अंमलदारांनी वापरल्या. नोंदींनुसार १२५ माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये मारला तो आंब्याच्या झाडावरील मचाणावरूनच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार येथे संपुष्टात आली, आणि ते योग्यच झाले. तरी झाडावर चढून बसण्याचे काम संपलेले नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी माळ्यावर जागल करणारा शेतकरी, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणातून वन्यप्राणी पाहणारे निसर्गप्रेमी आणि माडावर रोज चढणारा कोकण-गोव्यातील पाडेली, या सर्वांना तेच गुरुत्वाकर्षण लागू आहे. माडावर चढण्यासाठी दक्षिणेत प्रचारात आलेले, दोन पायांचे दोन भाग आळीपाळीने वर सरकवायचे यंत्र अमेरिकी चढत्या मचाणाच्याच तत्त्वावर चालते. आणि त्यावरही माणूस बुंध्यापासून बांधलेला नसेल तर यंत्र जोखीम कमी करत नाही, फक्त चढण्याचा वेग वाढवते.

अमेरिकी शिकारी अनेक अपघातांची किंमत मोजून जे शिकले त्यातील महागडी साधने येथे आणण्याची गरज नाही. एक चांगला दोर, भार पेलणारा हार्नेस, एक कडी आणि नीट बांधलेली प्रुसिक गाठ एवढ्यावर माळ्याची किंवा मचाणाची चढण सुरक्षित करता येते, आणि गाठ बांधायला शिकवणारे गिर्यारोहक महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पाणवठ्यावरच्या मचाणांची व्यवस्था करणाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांना पीकसंरक्षणाचे धडे देणाऱ्यांनी या दोराचा समावेश आपल्या यादीत केला, तर शिकार नसलेल्या देशालाही शिकारीच्या या विद्येचा उपयोग होईल.